हनुक्कियापासून मलिद्याच्या ताटापर्यंत : ज्यू सणांची उपकरणे घडवणारे आजचे कलाकार

पितळकाम :
मी पुण्यात तांब्या-पितळेचे काम करतो. ठाण्यातील एका बेने इस्राएली, म्हणजे कोकणातील ज्यू समाजाच्या, कुटुंबाने माझ्याकडे हनुक्किया, म्हणजे हनुक्काच्या आठ रात्री लावायचा नऊ ज्योतींचा दिवा, घडवून मागितला आहे. जुन्या दिव्याची नक्कल नको, तुमच्या पद्धतीने करा, एवढेच त्यांचे सांगणे आहे. त्या निमित्ताने वाचू लागलो तेव्हा कळले की जेरुसलेम, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, वॉर्सा अशा अनेक ठिकाणी आजचे कलाकार हनुक्किया, पेसाह सणाच्या सेदर या विधिवत भोजनाची ताटे, किद्दुशचे, म्हणजे द्राक्षरसावरील आशीर्वादाचे, पेले, मेझुझाची, म्हणजे दाराच्या चौकटीवर लावायच्या धर्मवचनांची, आवरणे अशा वस्तूंचा नव्याने आणि फार गंभीरपणे विचार करत आहेत. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या वस्तूंबाबत धर्मशास्त्राने नेमके काय बांधून दिले आहे आणि कारागिराला मोकळीक कुठे सुरू होते? आणि मी स्वतः ज्यू नाही, तर अशी वस्तू माझ्या हातून घडलेली चालते का?

माझे मत आधीच मांडतो. जो दिवा सणाच्या रात्री नियमाप्रमाणे लावता येत नाही, तो कितीही देखणा असला तरी शिल्प म्हणावा, हनुक्किया म्हणू नये. यावर आपली मते वाचायला आवडतील.

शालोम_ठाणे :
पितळकामदादा, आमच्या समाजातील एका घराने हे काम पुण्याच्या कारागिराकडे सोपवले हे वाचून फार बरे वाटले. माझ्या माहितीप्रमाणे नियम सांगतो.

आठ ज्योती सणाच्या आणि नववी शामाशची, म्हणजे सेवकाची. सणाच्या ज्योतींच्या उजेडात कोणतेही काम करायचे नसते, त्या फक्त पाहायच्या असतात. म्हणून इतर ज्योती पेटवायला आणि उजेडाचा चुकून उपयोग झालाच तर तो या नवव्या ज्योतीच्या नावावर जमा व्हावा यासाठी शामाश असतो. तो उंचावर, पुढे किंवा बाजूला, पण नजरेत भरेल असा वेगळा हवा. उरलेल्या आठ ज्योती शक्यतो एका ओळीत आणि एका पातळीत असाव्यात, कारण रस्त्यावरून जाणाऱ्याला आज कितवी रात्र आहे हे लांबून मोजता आले पाहिजे. दोन ज्योतींमध्ये इतके अंतर हवे की त्या एकमेकींत मिसळणार नाहीत. तलमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात याचे एक स्पष्ट उदाहरण आहे. वाडग्यात तेल भरून कडेने वाती लावल्या आणि वर भांडे पालथे घातले, तर प्रत्येक वात स्वतंत्र दिवा धरली जाते. भांडे घातले नाही तर ती शेकोटी होते आणि एका दिव्याइतकीही मोजली जात नाही. याचा अर्थ असा की वर्तुळाकार मांडणीला मुळातच बंदी नाही, ज्योतींच्या सरमिसळीला आहे. तुमच्या कल्पनेला इथे बरीच जागा आहे.

आता ज्याचा विचार अनेक सुंदर दिव्यांत झालेला दिसत नाही ती गोष्ट. ज्योत अंधार पडल्यावर किमान अर्धा तास जळली पाहिजे. शुक्रवारी मात्र शब्बाथ हा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस सुरू होण्यापूर्वीच दिवा लावावा लागतो आणि त्यानंतर त्याला हात लावता येत नाही, म्हणून त्या संध्याकाळी दीड तास पुरेल इतके तेल एकदमच घालावे लागते. पेला घडवताना शुक्रवारचे माप धरा.

हात कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. मेझुझातील चर्मपत्र, तोराची (मोशेच्या पाच पुस्तकांची) गुंडाळी आणि तेफिलिन (प्रार्थनेच्या वेळी हाताला व कपाळाला बांधायच्या पेट्यांतील वचने) हे पात्र ज्यू लेखनिकानेच लिहिलेले लागते. दिवा, ताट, पेला, आवरण कोणीही घडवावे. खाण्यापिण्याचे धातूचे किंवा काचेचे भांडे इतर धर्मीयांकडून घेतले, तर वापरण्यापूर्वी ते मिकवेत, म्हणजे विधीच्या जलकुंडात, बुडवून घेण्याची रीत आहे. दिव्याला तेही लागत नाही.

न्यूजर्सीकर :
शालोमजींच्या शेवटच्या मुद्द्याला इतिहासाचाही आधार आहे. जर्मनीत ऑग्सबर्ग आणि फ्रँकफुर्ट येथे घडलेली तोराची मुकुटे, किद्दुशचे पेले आणि हनुक्काचे दिवे आज संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत आणि त्यांतील पुष्कळसे ख्रिस्ती चांदीकारांनी घडवलेले आहेत, कारण कारागिरांच्या संघांमध्ये ज्यूंना प्रवेशच नव्हता. तेव्हा पितळकाम यांनी मनात किंतु ठेवू नये.

या नव्या घडणीची सुरुवात कुठून झाली तेही सांगतो. बोरिस शात्झ यांनी 1906 साली जेरुसलेममध्ये बेझालेल ही कलाशाळा काढली. येमेनमधून आलेल्या ज्यू चांदीकारांचे तारकाम त्या शाळेच्या कार्यशाळांत पोचले आणि त्यातून एक नवी शैली घडली. दुसरा प्रवाह जर्मनीतला. लुडविग वोल्पर्ट यांनी 1930 साली फ्रँकफुर्टमध्ये चांदी, आबनूस लाकूड आणि काच यांचा सेदरचा संच घडवला. त्यात वेलबुट्टी नाही, सिंह नाहीत, मुकुट नाहीत. मात्झा, म्हणजे पेसाहची बिनखमिराची भाकर, ठेवायचे तीन मजले, वर काचेच्या वाट्या आणि सरळ रेषा एवढेच आहे. हिटलर सत्तेवर आल्यावर ते पॅलेस्टाइनला गेले, तेथे नव्या बेझालेलमध्ये त्यांनी शिकवले आणि 1956 साली न्यूयॉर्कच्या ज्यू संग्रहालयातील टोबी पाशर कार्यशाळेची धुरा सांभाळली. हिब्रू अक्षरे धातूत आरपार कापून त्यांचीच नक्षी करायची ही त्यांची खूण. पुढे त्यांचे शिष्य मोशे झाबारी यांनी तेच काम चालवले.

या सगळ्यामागे एक जुने धर्मवचन आहे. 'हा माझा देव आणि मी त्याला शोभा आणीन' या बायबलमधील निर्गम पुस्तकाच्या ओळीवर तलमूदकारांनी भाष्य केले आहे की त्याच्यापुढे सुंदर सुक्का (सुक्कोत सणाचा मांडव) उभारा, सुंदर लुलाव (त्याच सणात हाती धरायची खजुराची फांदी) घ्या, सुंदर शोफार (शिंगाचे वाद्य) फुंका, सुंदर तोरा लिहा. नियम पुरा केला की कर्तव्य संपते, पण तो सुंदर रीतीने पुरा करणे हेही कर्तव्यच मानले आहे. कारागिराची जागा खुद्द शास्त्रानेच राखून ठेवली आहे असे मला वाटते.

प्रश्नचिन्ह :
वाचून ज्ञानात भर पडली, पण माझी एक शंका आहे. आज यांतील पुष्कळ वस्तू घरासाठी घडतात की प्रदर्शनासाठी? वास्तुविशारद रिचर्ड मायर यांनी 1985 साली केलेल्या हनुक्कियाचे छायाचित्र मी पाहिले आहे. कल्हई केलेल्या तांब्याचा तो दिवा आहे आणि त्यातील प्रत्येक दिवठाण ज्यूंच्या छळाच्या एकेका काळातील वास्तुशैलीची आठवण देते. पहिले मिसरदेशातील गुलामगिरीचे, शेवटचे जर्मन छळछावण्यांतील मनोऱ्यांचे. कल्पना म्हणून ती विलक्षण आहे. परंतु घरात लहान मुले ज्योती मोजत असताना, गोडधोड खात असताना, त्यांनी ती ज्योत छळछावणीच्या मनोऱ्यावर लावावी, असे कोणत्या आईवडिलांना वाटेल? हा दिवा इतिहासाचा धडा आहे. त्याला सणाचे उपकरण म्हणावे का?

मातीकाम :
प्रश्नचिन्ह, तुमच्या प्रश्नावर जाणकार बोलतीलच. मला कुंभारकामाच्या बाजूने थोडे सांगायचे आहे. शुल्हान आरुख या ज्यू धर्मनियमांच्या संहितेत हनुक्काच्या मातीच्या दिव्याबद्दल असे आहे की एका रात्री लावलेला साधा मातीचा दिवा जुना झाला, दुसऱ्या रात्री तो घेऊ नये. दिवाळीची पणती एकदा तेल प्यायली की काळवंडते, ती घासून पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, हे आपल्या पाहण्यातले आहे. तेच इथे आहे. धातूचा दिवा मात्र पुसला की नवा. आणि काचेचा किंवा झिलई दिलेला मातीचा दिवा धातूसारखाच धरावा असेही तिथेच म्हटले आहे.

आज जगभर कुंभार हनुक्किया करतात आणि त्यांपैकी जे झिलईच्या आतल्या थरापर्यंत काळजी घेतात ते या जुन्या नियमाला नकळत मान देतात. मला हे फार भावते की 'सुंदर' म्हणजे काय याचे उत्तर शास्त्राने आधी स्वच्छतेत शोधले आहे. कोरीवकाम, सोने, रत्ने यांचा विचार त्यानंतर येतो.

अश्दोदकर_आजी :
मी मूळची अलिबागजवळची, लग्नानंतर इस्राएलला आले आणि आता अश्दोदला मुलासुनेकडे असते. प्रश्नचिन्ह यांनी मायर यांच्या दिव्याबद्दल जे लिहिले ते मला पटते आणि पटतही नाही.

हनुक्का हा मुळात छळातून सुटल्याचाच सण आहे. जेरुसलेमचे मंदिर विटाळले होते, ते शुद्ध करून पुन्हा दिवा लागला. पुरीम घ्या, पेसाह घ्या, प्रत्येकात कोणीतरी आम्हांला नष्ट करायला निघाले होते आणि आम्ही वाचलो ही गोष्ट आहे. पेसाहच्या ताटात आम्ही कडू भाजी ठेवतो ती गुलामगिरी जिभेवर यावी म्हणून आणि ती मुलांनाही खायला लावतो. तेव्हा दुःखाची आठवण सणाच्या वस्तूत येऊ नये असे म्हणता येणार नाही. इथे माझ्या शेजारी युरोपातून आलेली कुटुंबे आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी असा दिवा असेल तर त्यांनी तो अवश्य लावावा.

पण माझ्या घरात तो लावायला माझे मन धजणार नाही आणि त्याचे कारण वेगळे आहे. आमच्या बेने इस्राएली लोकांना कोकणात कधी कोणी छळले नाही. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागला आणि तेवढ्या वेगळेपणासह त्यांना गावात जागा मिळाली. माझ्या दिव्यात ती गोष्ट असावी असे मला वाटते. पितळकाम, बाळा, तुला कल्पना हवी असेल तर ही घे. तेल्यांच्या घरचा दिवा आहे, तर तेलाचाच मान त्यात दिसू दे. मेणबत्त्यांची दिवठाणे करू नकोस. हनुक्काचा चमत्कार तेलाचा होता, एका दिवसाचे तेल आठ दिवस पुरले, शिवाय आमचा धंदाही तेलाचा.

पितळकाम :
आजी, आपला संदेश मी पुनःपुन्हा वाचला. मी मेणबत्तीच्या मापाची दिवठाणे रेखाटली होती, ती बाजूला ठेवली आहेत. तेलाचे पेले आपल्याकडे पूर्वी कसे असत, ते कृपया सांगावे.

अश्दोदकर_आजी :
काचेचे. सिनेगॉगमध्येही, म्हणजे प्रार्थनामंदिरात, आणि घरीही. पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल, त्यावर वात. काच पारदर्शक असल्यामुळे पाण्याचा थर आणि तेलाचा थर वेगळे दिसतात, आणि तेल जळून संपत आले की ज्योत पाण्याला टेकून आपोआप विझते, म्हणून काच तडकायची भीती कमी. मुंबईत भिंतीला टांगायचे पितळी दिवे होते, दावीदच्या ताऱ्याच्या आकाराचे, आणि त्यांना अशा काचपेल्यांसाठी कडी बसवलेली असत. इथल्या संग्रहालयांतही ते दिवे आहेत.

प्रश्नचिन्ह :
आजींच्या उत्तराने माझी शंका अधिक नेमकी झाली, त्याबद्दल मनापासून आभार. पण मग एक विचारतो. भिंतीवर उभ्या टांगलेल्या ताऱ्याच्या टोकांना पेले बसवले तर ते एका पातळीत येणे शक्यच नाही. शालोमजी, आपण सांगितलेला नियम आणि मुंबईचा हा दिवा यांचा मेळ कसा बसतो?

शालोम_ठाणे :
फार योग्य प्रश्न आहे. एक ओळ आणि एक पातळी ही उत्तम रीत आहे. ती साधली नाही म्हणून दिवा बाद होत नाही. ज्योती सुट्या असाव्यात आणि मोजता याव्यात, ही खरी मेख आहे. मुंबईच्या ज्यूंनी समाजाची खूण असलेला तारा घेतला आणि पातळीच्या बाबतीत सवलत घेतली. माझे मत विचाराल तर नवा दिवा करताना पातळी सांभाळूनही तारा कसा आणता येईल याचा प्रयत्न व्हावा. तारा मागच्या पत्र्यावर जाळीकामात कापता येईल आणि पेल्यांची पट्टी त्याच्या खाली आडवी राहील.

नकाशा :
मी काही काळ पोलंडमध्ये होतो, म्हणून तेथील एका कामाविषयी लिहितो, कारण स्मृती आणि वापर यांविषयी वर जो वाद झाला त्याला ते उत्तर देते असे मला वाटते.

ज्यू घराच्या दाराच्या उजव्या चौकटीवर मेझुझा बहुधा तिरकी बसवलेली असते. तिच्या आत चर्मपत्रावर बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या आणि अकराव्या अध्यायांतील उतारे लिहिलेले असतात. पोलंडमधील असंख्य घरांतून माणसे नाहीशी झाली, मेझुझा उपटल्या गेल्या, पण चौकटीच्या लाकडात किंवा दगडात तिची खाच राहिली. कुठे दोन खिळ्यांची भोके, कुठे बोटभर लांबीचा खोलगट चर, वरून रंगाचे अनेक हात मारलेला. वॉर्सात हेलेना चेर्नेक आणि अलेक्झांडर प्रुगार या दोघांनी 2014 साली मी पोलिन या नावाने काम सुरू केले. ते अशा खाचा शोधतात, त्यांचा साचा घेतात आणि त्यावरून कांस्याचे ओतीव आवरण तयार करतात. मूळ मेझुझेभोवतीची सगळी ओबडधोबड जागा, लाकडाच्या चिरा, रंगाचे पोपडे हे सगळे त्या कांस्यावर उमटते. त्या घराचा पत्ताही त्यावर असतो. आत नवे चर्मपत्र घालून ती मेझुझा कोणी आपल्या आजच्या घराला लावली की येणाराजाणारा त्या खडबडीत धातूला हात लावून बोटे ओठांना नेतो.

ही वस्तू संग्रहालयात ठेवली तर निम्मी होते. दाराला लागली तरच पूर्ण होते.

प्रश्नचिन्ह :
नकाशा, हे वाचून मी निरुत्तर झालो. याच कसोटीवर मी मायर यांचा दिवा पुन्हा पाहतो तेव्हा माझे मत अधिकच पक्के होते. पोलंडच्या मेझुझेत स्मृती स्पर्शातून येते आणि वापरात काही अडत नाही. मायर यांच्या दिव्यात स्मृती प्रत्येक रात्री एकेक पायरी वर चढत छळछावणीपर्यंत पोचते, आणि आठवी रात्र तर सर्वांत आनंदाची असते.

न्यूजर्सीकर :
येथे मी प्रश्नचिन्ह यांच्याशी असहमत आहे. त्या आठव्या मनोऱ्यावर जो ज्योत लावतो तो वाचलेला असतो, किंवा वाचलेल्याचा वंशज असतो, आणि आजींनी सांगितलेला सणाचा अर्थ हाच आहे. याच 1985 साली मॅनफ्रेड आन्सन यांनी घडवलेली दुसरी हनुक्किया पाहा. जर्मनीत जन्मलेले आन्सन किशोरवयात नाझींपासून निसटून ऑस्ट्रेलियाला गेले आणि नंतर अमेरिकेत आले. स्वातंत्र्यदेवतेच्या शताब्दीनिमित्त त्यांनी नऊ छोट्या स्वातंत्र्यदेवता ओळीने उभ्या केल्या आणि प्रत्येकीच्या मशालीवर ज्योतीची जागा केली. 2013 साली व्हाइट हाउसमधील हनुक्काला असाच दिवा लावला गेला. दोघांनीही इतिहासच दिव्यात आणला, एकाने छळाचा आणि दुसऱ्याने आसऱ्याचा. कोणता लावायचा हे प्रत्येक घराने ठरवावे. पण पहिल्याला उपकरण म्हणूच नये हे मला टोकाचे वाटते.

'प्रदर्शनासाठी' या शब्दात थोडा अन्यायही होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या समकालीन ज्यू संग्रहालयाने 1980च्या दशकापासून वेगवेगळ्या धर्मांच्या आणि माध्यमांच्या कलाकारांना निमंत्रण देऊन एकेक उपकरण नव्याने घडवायला सांगितले: कधी हनुक्किया, कधी दानपेटी, कधी हावदालाची, म्हणजे शब्बाथ संपताना करायच्या विधीची, मसालापेटी, 2009 साली 80 कलाकारांकडून पेसाहच्या सेदरची पात्रे. त्यांतील काही वस्तूंवर खरोखरच जेवण मांडता येणार नाही. तरीही सेदरच्या ताटात नेमके काय असते आणि का, हा प्रश्न त्या प्रत्येक कलाकाराला पडला आणि ज्याने कधी सेदर पाहिला नव्हता त्यालाही पडला. अशा कामाचे मोल मी कमी मानत नाही.

सुवर्णा_म :
एक प्रश्न विचारते. इथे आतापर्यंत जुन्या वस्तूंना नवे रूप देण्याविषयी लिहिले गेले. संपूर्णपणे नवी वस्तू सणात आली आहे, असे कधी झाले आहे का?

न्यूजर्सीकर :
झाले आहे, तेही आपल्या हयातीत. सेदरच्या मेजावर एलिया संदेष्ट्यासाठी द्राक्षरसाचा एक पेला भरून ठेवतात. 1980च्या दशकात बॉस्टनमधील स्त्रियांच्या एका गटात त्याच्या शेजारी पाण्याने भरलेला मिर्यामचा पेला ठेवण्याची कल्पना निघाली. मिर्याम ही मोशेची बहीण. तिच्या पुण्याईमुळे रानात इस्राएल लोकांबरोबर पाण्याची विहीर चालत असे अशी कथा आहे, आणि समुद्र ओलांडल्यावर डफ घेऊन स्त्रियांना नाचायला तीच पुढे घेऊन गेली. पुढच्या दशकात हा पेला अमेरिकेतील घराघरांत पोचला आणि त्याला ठरलेले रूप नसल्यामुळे कलाकारांना मोठे मैदान मिळाले. कोणी काचेत पाणी खेळवले, कोणी चांदीत डफाच्या झांजा आणल्या.

टोबी काह्न या न्यूयॉर्कच्या चित्रकाराचेही उदाहरण देतो. पेसाह आणि शावुओत या सणांच्या मध्ये 49 दिवस मोजायचे असतात, त्याला ओमेर म्हणतात. मोजणी तोंडी करायची असल्याने तिच्यासाठी वस्तू असलीच पाहिजे असे नाही. काह्न यांनी 'सफीर' नावाची चौकट केली, तिच्यात 49 खाने आणि प्रत्येक खान्यात वेगळ्या घडणीचा रंगवलेला लाकडी ठोकळा. मोजणी त्यामुळे हाताने करता येते. वस्तू सक्तीची नसताना ती हवीशी वाटावी, हे मला कलाकाराचे सर्वांत मोठे यश वाटते.

मातीकाम :
यात सुक्कोतही यायला हवा. सुक्का म्हणजे आठवडाभर राहायची-जेवायची मांडवी. तिचे छत जमिनीतून उगवलेल्या आणि तोडलेल्या वनस्पतीचेच हवे, ऊन कमी आणि सावली जास्त हवी, पण रात्री तारे दिसावेत. भिंती मात्र जवळजवळ कशाच्याही चालतात, तलमूदने तर हत्ती बांधून त्याची भिंत करण्याचीही चर्चा केली आहे. 2010 साली न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये याच नियमांवर स्पर्धा झाली, सहाशेहून अधिक आराखडे आले आणि 12 सुक्का प्रत्यक्ष उभ्या राहिल्या. त्यांपैकी एकीच्या भिंती बेघर माणसांकडून विकत घेतलेल्या त्यांच्या हाती लिहिलेल्या पाट्यांच्या होत्या. तात्पुरत्या निवाऱ्याच्या सणात ज्यांना कायमचा निवारा नाही त्यांचे शब्द भिंत झाले. अशी कल्पना मोकळ्या रानात सुचत नाही, 'भिंत कशाचीही चालेल, छत मात्र असेच' या नियमापाशी बसून विचार केला की सुचते.

शालोम_ठाणे :
मातीकाम यांचे शेवटचे वाक्य मूळ प्रश्नाला फार जवळचे आहे. मी त्यात आपल्या मातीतील नाव जोडतो. सिओना बेंजामिन या मुंबईत वाढलेल्या, जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आणि आता अमेरिकेत राहणाऱ्या बेने इस्राएली चित्रकार आहेत. आपल्या लघुचित्रांच्या परंपरेतील रंग, निळ्या वर्णाच्या स्त्रिया आणि बायबलमधील कथा त्यांच्या चित्रांत एकत्र येतात. पुरीमला वाचायची एस्तेरची गुंडाळीही त्यांनी चित्रांनी सजवली आहे. आमच्याकडे ही रीत अगदी नवी नाही. पुण्यात 1874 साली छापलेल्या मराठी हग्गादात, म्हणजे सेदरला वाचायच्या पुस्तकात, मात्झा करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसलेल्या दाखवल्या आहेत. परक्या देशातील चित्र जसेच्या तसे घेण्याऐवजी आपल्या घरच्या बाया तिथे बसवाव्यात, असे त्या चित्रकाराला वाटले.

आणि आता माझी एक तळमळ. हनुक्किया, सेदरचे ताट, मेझुझा यांवर जगभर काम चालू आहे. आमचा स्वतःचा विधी मात्र कोणाच्या नजरेस पडलेला नाही. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने आम्ही मलिदा करतो. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात, तू बिश्वात या झाडांच्या सणाला. भिजवलेले पोहे, खोबरे, साखर, वेलची, सुकामेवा यांची रास आणि भोवती फळे. प्रत्येक प्रकारावर वेगळा आशीर्वाद म्हटला जातो, झाडाच्या फळावर एक, जमिनीतून येणाऱ्यावर दुसरा, सुगंधी पाल्याफुलावर आणखी एक. इतका रेखीव विधी आणि आम्ही तो घरातल्या कोणत्याही परातीत मांडतो. मलिद्याचे खास ताट कोणी घडवले आहे असे माझ्या पाहण्यात नाही.

अश्दोदकर_आजी :
शालोम, अगदी माझ्या मनातले लिहिलेस. माझ्या नातवंडांना मराठी तुटकच येते, पण मलिदा म्हटला की सगळी गोळा होतात. आशीर्वादांचा क्रम मात्र त्यांना दर वेळी सांगावा लागतो. ताटातच तो क्रम दिसला तर फार सोय होईल. फक्त खोल कप्पे करू नका, पोह्यांचा ओलावा कोपऱ्यात राहतो आणि पितळ हिरवे पडते. आतून कल्हई तर हवीच.

पितळकाम :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. दिव्याचे असे ठरवले आहे. मागे पितळी पत्रा, त्यावर जाळीकामात तारा. खाली आठ कड्यांची सरळ पट्टी आणि प्रत्येक कड्यात काढता-घालता येईल असा काचेचा पेला. शामाश एका बाजूला, उंच दांडीवर. तेल दिसावे म्हणून पट्टी पेल्यांच्या गळ्यापाशी ठेवतो आहे, त्यामुळे काचेचा पोटाचा भाग पूर्ण उघडा राहील. शुक्रवारच्या दीड तासासाठी किती तेल लागते हे वात लावून, घड्याळ लावून पाहीन आणि मगच पेल्याचे माप पक्के करीन. त्या कुटुंबाची हरकत नसेल तर पट्टीच्या कडेला तेलघाण्याचे छोटे कोरीव चित्र घालण्याचा विचार आहे.

मलिद्याच्या ताटाचे काम मला करायचेच आहे. शालोमजी, आशीर्वादांचा क्रम आणि त्या त्या वेळी घ्यायची फळे मला सविस्तर लिहून द्यावीत. आजी, उथळ कप्प्यांऐवजी फक्त उठावाच्या रेषा ठोकल्या तर ओलावा साठणार नाही आणि जागाही वेगळ्या दिसतील. हे आपल्याला योग्य वाटते का?

अश्दोदकर_आजी :
योग्य आहे. रेषा मधल्या राशीपासून कडेपर्यंत जाऊ देत, म्हणजे पाणी बाहेर वाहील. आणि ताट दोन माणसांनी धरून सगळ्यांपुढे फिरवता आले पाहिजे, म्हणून कडेला पकड ठेव.

शालोम_ठाणे :
क्रम आज रात्री लिहून पाठवतो. आमच्या हझ्झानांना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना, एकदा दाखवून घेतो, म्हणजे कोणत्या फळावर कोणता आशीर्वाद यात घरोघरच्या रीतींचा जो फरक आहे तोही तुम्हांला आधीच कळेल आणि रेषा त्याप्रमाणे सोडता येतील.